डोळे मिटल्यावर विचार का वाढतात, आणि ध्यानाचा रक्तदाबाला खरोखर किती उपयोग होतो?

ऐरोलीत राहणाऱ्या आणि महापे येथील एका कंपनीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या ४४ वर्षांच्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, चार महिन्यांपूर्वी त्यांचा रक्तदाब १४८/९४ निघाला, डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि सोबत ध्यान करण्यास सुचवले. तीन आठवडे ते रोज सकाळी २० मिनिटे बसत आहेत, परंतु डोळे मिटले की विचारांची गर्दी उलट वाढते, आणि सुटी असलेल्या दिवशीही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप येत नाही. आपल्यातच काही कमी आहे का, ध्यानाने मनाला आणि शरीराला खरोखर काही लाभ होतो का, पुढेमागे गोळी बंद करता येईल का, आणि इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला आताच जावे का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

तुमच्यात काहीही कमी नाही, हे आधी सांगते. मी गेली २३ वर्षे ठाण्यातील नौपाड्यात एका सोसायटीच्या सभागृहात पहाटेचा वर्ग घेते, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हीच तक्रार घेऊन माझ्याकडे आला नाही असा साधक मला आठवत नाही. रात्री सगळीकडे निजानीज झाली की मोरीतल्या नळाचे ठिबकणे ऐकू येऊ लागते. नळ दिवसभरही ठिबकत असतोच, पण रस्त्याच्या आणि घरातल्या आवाजात ते कानापर्यंत पोहोचत नाही. डोळे मिटल्यावर विचारांचे तसेच होते. ते नव्याने निर्माण होत नाहीत. पाळी, प्रवास, मोबाइल आणि बोलणी यांच्या गलबल्यात जे दबून राहिलेले असते ते समोर येते. तुम्हाला ते दिसू लागले याचा अर्थ तीन आठवड्यांत तुमचे लक्ष थोडे स्वच्छ झाले आहे.

अडचण अशी की बहुतेकांनी ध्यान म्हणजे मन रिकामे करणे अशी समजूत करून घेतलेली असते. ही समजूत पतंजलींच्या योगसूत्रांतील मांडणीशीही जुळत नाही. तेथे धारणा आणि ध्यान या दोन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. चित्त एका ठिकाणी बांधून ठेवण्याचा अभ्यास ही धारणा, आणि त्याच ठिकाणी लक्षाचा प्रवाह अखंड टिकू लागला की ते ध्यान. आपण सगळे ज्याला बोलीत ‘ध्यानाला बसणे’ म्हणतो तो बव्हंशी धारणेचा अभ्यास असतो, आणि बांधलेले सुटणे व पुन्हा बांधणे हे त्या अभ्यासाचे रोजचे स्वरूप आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन जेव्हा म्हणतो की मनाला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे, तेव्हा श्रीकृष्ण त्याचे म्हणणे खोडून काढत नाहीत. ‘असंशयम्’ म्हणजे ‘यात शंका नाही’ असे म्हणून ते आधी ती तक्रार मान्य करतात आणि मग अभ्यास व वैराग्य यांचा उपाय सांगतात. तुमची तक्रार अशी फार जुनी आणि मान्य झालेली आहे.

आता ती २० मिनिटे जवळून पाहू. तुम्ही मांडी घालून बसता, लक्ष नाकपुड्यांपाशी आणता, आत जाणारी हवा किंचित गार आणि बाहेर येणारी कोमट लागते. तिसऱ्या किंवा चौथ्या श्वासाला मनात येते की बुधवारची रात्रपाळी कोणाच्या गळ्यात पडणार. त्यावरून वरिष्ठांचे बोलणे आठवते, त्यावरून आपण द्यायला हवे होते ते उत्तर तयार होऊ लागते, जबडा आवळला जातो, खांदे वर चढतात, आणि दीड-दोन मिनिटांनी अचानक ध्यानात येते की आपण श्वासापाशी नाही. हा जो लक्षात येण्याचा क्षण आहे तेथे तुम्ही बहुधा स्वतःवर चिडता. तेथे चिडू नका. जबडा सैल सोडा, खांदे खाली येऊ द्या, एक उच्छ्वास नेहमीपेक्षा लांब सोडा आणि पुन्हा नाकपुड्यांपाशी या. लांब गेलेल्या गाईला गुराखी जसा न मारता माघारी वळवून आणतो तसे. या बैठकीत करण्याचे काम एवढेच आहे, आणि २० मिनिटांत ते ४० वेळा करावे लागले तर तुमचा अभ्यास ४० वेळा झाला.

चरईतले एक निवृत्त बँक कर्मचारी माझ्या वर्गाला येत असत. आकडेमोडीची सवय हाडीमासी मुरलेली असल्यामुळे त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली होती. उजव्या गुडघ्यापाशी वाटीभर चिंचोके ठेवायचे आणि मन भटकल्याचे लक्षात आले की डोळे न उघडता एक चिंचोका उचलून डाव्या वाटीत टाकायचा. पहिल्या दिवशी डाव्या वाटीत ११ चिंचोके जमले. दोन महिन्यांनी ते अतिशय खिन्न होऊन सांगू लागले की आता संख्या ३५ वर गेली, म्हणजे प्रगतीऐवजी अधोगतीच झाली. मी त्यांना विचारले की पूर्वी एकदा भटकलात की किती वेळाने कळायचे? ते थोडे थांबले आणि म्हणाले, ‘बहुतेक घंटा वाजल्यावरच.’ आता त्यांना अर्ध्या मिनिटात कळत होते, म्हणून चिंचोके वाढले होते. पुढे वर्षभराने संख्या आपोआप उतरली, पण तोवर त्यांनी मोजणे सोडून दिले होते. तुम्ही चिंचोके ठेवा असा माझा आग्रह नाही, परंतु तुमच्या तीन आठवड्यांचे मोजमाप या दृष्टीने एकदा करून पाहा.

शरीराला होणारा लाभ कसा होतो हे समजून घेतल्यास श्रद्धा आणि अपेक्षा दोन्ही योग्य मापात राहतात. आत्ता वाचता वाचता डाव्या मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूवर उजव्या हाताची तीन बोटे हलकेच ठेवा आणि नाडी पाहा. श्वास सावकाश आत घ्या, मग त्याहून सावकाश सोडा. आत घेताना ठोके किंचित जवळजवळ येतात आणि सोडताना त्यांतील अंतर वाढते. मेंदूपासून निघून हृदय व पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा हा परिणाम आहे. उच्छ्वासाच्या वेळी हा तंतू हृदयाला आवरून धरतो, श्वास घेताना थोडी ढील देतो. वयानुसार हा फरक कमी होत जातो, त्यामुळे तो अगदी स्पष्ट जाणवला नाही तरी घाबरू नका. सामान्यतः आपण मिनिटाला १२ ते १८ श्वास घेतो. चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर असा श्वास चालू ठेवला तर मिनिटाला सहाच श्वास होतात, आणि या गतीला मानेतील व छातीतील मोठ्या धमन्यांमध्ये असलेली रक्तदाब जोखणारी यंत्रणा अधिक सजगपणे काम करू लागते, असे प्रयोगांतून वारंवार दिसले आहे. म्हणजेच ‘श्वासावर लक्ष द्या’ या साध्या सूचनेमागे शरीराच्या स्वतःच्या रचनेचा आधार आहे.

हे मोजण्याचे काम आपल्या जवळच, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून सुरू केले. उड्डियान, नौली अशा पोटाच्या यौगिक क्रियांच्या वेळी पोटातील दाब किती बदलतो हे उपकरणे लावून पाहणारे ते या क्षेत्रातील आद्य संशोधक होत, आणि मराठी साधकांना त्यांचे नाव परदेशी नावांच्या आधी आठवावे असे मला मनापासून वाटते. पुढे अमेरिकेत हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७० च्या दशकात दाखवले की शांत बसून एखादा शब्द मनात घोळवत राहिल्यास शरीराची प्राणवायूची गरज, श्वासाचा वेग आणि हृदयाचे ठोके कमी होतात. आपल्याकडची जपमाळ हातात घेतलेली आजी हे कोणत्याही उपकरणाविना करीत होती.

मात्र बैठकीत ठोके उतरणे वेगळे आणि रक्तदाबाचा विकार आटोक्यात येणे वेगळे. नियमित साधनेने काही लोकांचा रक्तदाब पाऱ्याच्या काही मिलिमीटरने उतरतो, काहींचा जवळपास तसाच राहतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये याविषयीच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा निष्कर्ष असाच संयत होता: हृदयरोगाचा धोका कमी करण्यास ध्यानाची मदत होऊ शकते, पण नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून. त्यामुळे गोळीच्या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंदिग्ध आहे. गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका, आणि ‘माझ्या ध्यानाने गोळ्या सुटतात’ असे सांगणाऱ्या कोणत्याही वर्गात पाऊल टाकू नका. माझ्या एका साधिकेने अशाच आश्वासनावर विसंबून गोळी सोडली होती, आणि काही आठवड्यांनी तिला भोवळ येऊन पडल्यावर रुग्णालयात न्यावे लागले. ती सुदैवाने बरी झाली. तो वर्ग कोणाचा होता हे येथे महत्त्वाचे नाही. तसे बोलणारे अनेक आहेत. मीठ, वजन, चालणे, तंबाखू आणि गोळी यांच्याबरोबरीने ध्यान चालले तर काही महिन्यांनी तुमचे डॉक्टरच आकडे पाहून मात्रा ठरवतील.

मनाच्या बाबतीत पुरावा थोडा अधिक भक्कम आहे, आणि तोही आहे तेवढाच सांगते. २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि त्यांतील सुमारे साडेतीन हजार लोक यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चिंता, उदासीनता आणि वेदना यांत अल्प ते मध्यम स्वरूपाची सुधारणा दिसली, परंतु औषध किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरल्याचे आढळले नाही. २०२२ च्या एका चाचणीत चिंतेचा विकार असलेल्या २७६ प्रौढांपैकी काहींना एस्सिटॅलोप्रॅम हे औषध आणि काहींना आठ आठवड्यांचा सजगतेचा (माइंडफुलनेसचा) अभ्यासक्रम दिला असता दोन्ही गटांचा लाभ जवळपास सारखा भरला. हा अभ्यासक्रम जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेला. त्यातील एक तपशील मी साधकांना नेहमी सांगते: आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, घरी रोज पाऊण तास सराव, आणि मध्ये एक पूर्ण दिवस. लाभ वाचताना आपण त्यामागची मेहनत वाचायची विसरतो.

ध्यानाने मेंदूचा आकारच बदलतो, असेही तुम्ही ऐकले असेल. दीर्घकाळ साधना केलेल्यांच्या मेंदूत काही फरक दिसल्याचे अहवाल २००५ च्या सुमारास आले आणि ते फार गाजले. परंतु २०२२ मध्ये अधिक लोकांवर काटेकोरपणे केलेल्या अभ्यासात आठ आठवड्यांनी मेंदूच्या रचनेत असा बदल आढळला नाही. माझ्या वर्गात मी मेंदूची रंगीत चित्रे दाखवीत नाही. त्याऐवजी घरच्यांना विचारा, असे सांगते. एका साधकाच्या मुलीने मला सांगितले होते की बाबा हल्ली चहाचा कप सांडला तर आधी फडके शोधतात आणि मग बोलतात. राग येणे आणि तोंड उघडणे यांच्यामध्ये जी बोटभर जागा तयार होते ती हीच. बैठकीतले ते ‘लक्षात येणे’ कपड्यांत गुंडाळून दिवसभर बरोबर नेल्यासारखे असते, आणि माझ्या मते मनाला होणारा सर्वांत मोठा लाभ तोच आहे.

तुमच्या झोपेबद्दल. झोप यावी म्हणून ध्यान करू नका. त्याने ध्यानही बिघडते आणि झोपेची वाट पाहणेही लांबते. झोपण्यापूर्वी शवासनात पडून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेक अवयव मनाने सैल सोडत जाण्याची योगनिद्रेसारखी क्रिया करा, ती १५ मिनिटे पुरे. ध्यान मात्र पाठ ताठ ठेवून आणि जागे असताना करायचे. पाळ्यांच्या नोकरीत घड्याळाची ठरावीक वेळ पाळणे शक्य नसते, म्हणून वेळेऐवजी प्रसंग ठरवा: कोणतीही पाळी असो, झोपून उठल्यावर आंघोळ झाली की चहाच्या आधी बैठक. रात्रपाळीवरून सकाळी घरी आल्यावर लगेच बसू नका. तेव्हा शरीर झोप मागत असते, आणि त्या वेळी लागलेली तंद्री अनेक जण समाधी समजून कौतुकाने सांगतात. तंद्रीत हनुवटी छातीवर येते आणि उठल्यावर डोके जड लागते. एवढ्या खुणेवरून ती ओळखता येईल.

उद्यापासून २० ऐवजी १२ मिनिटे बसा, पण खाडा होऊ देऊ नका. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक अशा तीन अटी घातल्या आहेत, आणि त्यात ‘एका बैठकीत पुष्कळ’ ही अट नाही. पहिली दोन मिनिटे भ्रामरी करा. ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव करत उच्छ्वास सोडला की तो आपोआप लांबतो, आणि खालच्या मजल्यावरचा पाण्याचा पंप किंवा शेजारच्या कुकरची शिट्टी यांचा त्रासही कमी वाटतो. मग १० मिनिटे श्वास मोजू नका, ओढू नका, जसा येईल तसा येऊ द्या. जमिनीवर बसता येत नसेल तर लाकडी खुर्चीवर पाठ न टेकता बसा, तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले असू द्यात. मी शिकत होते तेव्हा पद्मासनाशिवाय ध्यान नाही असा एका शिक्षकांचा हट्ट होता. तो मी भक्तिभावाने पाळला आणि उजव्या गुडघ्याचे दुखणे दोन वर्षे सोसले. त्या दोन वर्षांतल्या बैठका श्वासाच्या नव्हत्या, गुडघ्याच्या होत्या. त्यामुळे नव्या साधकाला पहिली खुर्ची मी स्वतः आणून देते.

एक इशारा द्यायलाच हवा. काही लोकांना श्वासाकडे लक्ष दिले की छातीत धडधड वाढते, गुदमरल्यासारखे होते, किंवा जुना आघात डोळ्यांपुढे उभा राहतो. असे झाले तर डोळे उघडा, लक्ष तळपायांच्या स्पर्शाकडे किंवा बाहेरच्या आवाजाकडे न्या, वाटल्यास नामजप करा अथवा उपवन तलावाच्या काठाने सावकाश पावले मोजत चाला. तेही ध्यानच आहे. पण उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकत असेल, खाण्यापिण्यातून मन उडाले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ध्यानाच्या वर्गाकडे न येता मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आम्हा ठाणेकरांवर या बाबतीत विशेष जबाबदारी आहे. १९०१ पासून येथे मनोरुग्णालय आहे, आणि महाराष्ट्रभर ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा इतकी रुळली आहे की खरोखर आजारी असलेला माणूस लाजेपोटी डॉक्टर टाळतो आणि माझ्यासारखीच्या सतरंजीवर येऊन बसतो. अशी किती तरी माणसे मी स्वतः डॉक्टरांकडे सोबत घेऊन गेले आहे. टेलि-मानस ही शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.

इगतपुरीबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. मंडाले येथे जन्मलेले विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरीचे केंद्र सुरू झाले. पूर्वीच्या साधकांच्या दानावर चालणाऱ्या त्या शिबिराला शुल्क नाही, आणि ठाण्याहून कसारामार्गे ते जवळही आहे. परंतु दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, पहाटे चारला उठणे आणि दिवसाला सुमारे दहा तास बैठक हा कसोटीचा अभ्यासक्रम आहे. ज्याची झोप मोडलेली आहे आणि रक्तदाबाची गोळी नुकतीच बसते आहे, त्याने आताच जाऊ नये. किमान सहा महिने घरची बैठक आणि झोप सुरळीत होऊ द्या, डॉक्टरांचा होकार घ्या, आणि अर्जात आजार व औषधे यांविषयी विचारतात तेथे काहीही न लपवता लिहा. दरम्यान सोबत हवी असेल तर रोज अर्ध्या तासाच्या अंतरावरचा कोणताही प्रामाणिक वर्ग पुरेल. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळासारख्या संस्थांनी ही सोय कित्येक वर्षे जपलेली आहे.

आठ आठवड्यांसाठी एक लहान वही करा. रक्तदाब आठवड्यातून तीनदा, त्याच हातावर, गोळी घेण्यापूर्वी, पाठ टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसल्यावर मोजा आणि तारीख, पाळी व आदल्या दिवशी किती तास झोप झाली हे शेजारी लिहा. ध्यान करून उठल्याबरोबर मोजलेला आकडा वहीत घेऊ नका. तो नेहमीपेक्षा चांगला दिसण्याचा संभव असतो आणि डॉक्टरांची त्यामुळे दिशाभूल होईल. ही वही घेऊन आधी त्यांच्याकडे जा.